सुगंधाक्कांचा हात

सुगंधाक्का चौगुल्यांचा उजवा हात त्यांच्या आधी म्हातारा झाला. बाकीचं शरीर अडुसष्टाव्या वर्षीही चिवट होतं. हात मात्र थरथरू लागला. आधी चहाच्या कपाशी, मग सुईत दोरा ओवताना, आणि एका सकाळी एका तेलकट इवल्या पाठीवर. त्या एका घरी बाळाला न्हाऊ घालत होत्या. बाळ त्यांच्या पसरलेल्या पायांवर पालथं होतं. त्याच्या आईने आक्कांचा हात पाहिला. संध्याकाळी निरोप आला, 'आक्का, उद्यापासून आम्हीच घालू आंघोळ.'

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी थरथर कमी झाली, गेली नाही.

जयसिंगपुरात चाळीस वर्षं त्यांनी बाळं न्हाऊ घातली होती. त्यातही त्यांचं नाव होतं ते पोटात वारा धरलेल्या बाळांसाठी. तान्ह्या बाळाचं आतडं अजून शिकत असतं. दूध पिताना बाळ हवा गिळतं आणि ती पुढे ढकलायची लय आतड्याला नीट जमलेली नसते. हवा वळणांवर अडकते, आतडं ताणलं जातं, बाळ गुडघे पोटाशी घेऊन किंचाळतं, आणि किंचाळताना आणखी हवा गिळतं. आक्का अशा बाळाला मांडीवर घ्यायच्या, तळहात एकमेकांवर चोळून ऊन करायच्या आणि बोटं फिरवायच्या. बाळाच्या उजव्या कुशीतून वर, बरगडीखालून आडवं, डाव्या कुशीतून खाली. मोठं आतडं पोटात असाच वळसा घालून बसलेलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तीन वळसे झाले की त्या अंगठा बेंबीशेजारी ठेवून क्षणभर थांबायच्या. मग पुन्हा तीन. थोड्या वेळात वारा सरायचा, बाळ सैल पडायचं, आणि त्याची आई भिंतीला टेकून तिथंच झोपून जायची.

हात जायच्या चार वर्षं आधी पुण्याच्या एका कंपनीची माणसं त्यांना शोधत आली होती. त्यात मुग्धा साठ्ये नावाची एक तरुण इंजिनियर होती. तिने आक्कांसाठी पातळ, चामडीसारखा हातमोजा आणला होता. त्यात दाब आणि ऊब मोजणारे शेकडो बिंदू होते. चौदा महिने आक्का तो मोजा घालून मिरजेच्या एका प्रसूतिगृहात बसल्या. दोन हजारांवर बाळांच्या पोटांवरून त्यांचा हात फिरला. कुठे किती दाबलं, किती वेळ, कुठे थांबल्या, सगळं नोंदलं गेलं.

त्यातून 'हळुवार' निघाला. दिसायला साधा मऊ पट्टा, बाळाच्या पोटाला गुंडाळायचा. आत तुरीच्या डाळीएवढे बारीक फुगे, ते एकामागून एक फुगत आणि बसत. बाळाला वाटावं, बोटंच फिरताहेत. पट्ट्यातले सूक्ष्म कान आतड्याची गुडगुड ऐकत, रडण्याचा सूर जोखत आणि रडणं कशाचं ते ठरवत: भूक, झोप, ओलं की वारा. वारा असेल तर आक्कांचा हात सुरू होई. हात पट्ट्यात गेला तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा आणि स्थिर होता. तिथे तो तसाच राहिला.

दोन वर्षांत 'हळुवार' घरोघरी झाला. रात्री आक्कांचं दार वाजायचं बंद झालं. त्यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. आपण मेल्यावरही आपला हात पोरांच्या पोटावर फिरत राहील, असं त्या शेजारणीला सांगायच्या.

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, वैजयंतीला, मुलगा झाला. निषाद नाव ठेवलं. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आईचा हात पाहून वैजू पुण्यातच राहिली. बाळ चार महिन्यांचं होत आलं तेव्हा जावयाची, कपिलची, कामाची पाळी लागली. तो रत्नागिरीसमोरच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता. तीन आठवडे तिथंच राहावं लागे. वैजूने फोन केला. "आई, तू ये. तुला काही करायचं नाहीये. नुसती ये."

आक्का आल्या. पहिल्याच रात्री निषादच्या पोटात वारा धरला. वैजू दूध पाजून नुकती आडवी झाली होती. आक्कांनी बाळाला उचलून मांडीवर घेतलं, तळहात चोळले आणि बोटं टेकवली. बोटं टेकली आणि नाचू लागली. निषाद दचकला, आणखी जोरात किंचाळला. आक्कांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून पाहिलं. जमेना.

वैजू उठून आली. तिने बाळाच्या पोटाला पट्टा गुंडाळला. पट्ट्याच्या कडेला हिरवा ठिपका लागला, शेजारच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'वारा.' झबल्याखाली काहीतरी हळूहळू फिरू लागलं.

आक्का बघत राहिल्या. तीन वळसे. मग बेंबीशेजारी क्षणभर थांबणं. मग पुन्हा तीन. चार-पाच मिनिटांत निषादने वारा सोडला, एक लांब उसासा टाकला आणि झोपला.

"अगं, तो तुझाच हात आहे," वैजू हसून म्हणाली. "मी त्याला रोज सांगते, आजी चोळतेय बघ."

"हां," आक्का म्हणाल्या. "माझाच." त्या बराच वेळ पदराखाली हात झाकून बसल्या होत्या.

पुढचे बारा दिवस छान गेले. आक्का दुपट्याच्या घड्या घालत, वैजूला खीर करून देत, बाळाशी गप्पा मारत. निषादला आजीच्या नाकातली चमकी फार आवडे. तो ती धरायला बघे. रडू आलं की पट्टा होता.

तेराव्या रात्री निषाद दीडच्या सुमाराला रडत उठला. वैजूला दोन दिवस कणकण होती, म्हणून आक्काच त्याच्याजवळ निजल्या होत्या. गुडघे पोटाशी, चेहरा लालबुंद. आक्कांनी पट्टा बांधला. 'वारा.' हात फिरू लागला. दोन-तीन मिनिटांत रडणं थांबलं. वीस मिनिटांनी पुन्हा तेच, आणि पुन्हा थांबलं. तिसऱ्या वेळी आक्कांच्या लक्षात आलं की थांबल्यावर बाळ झोपत नाहीये. ते पडून राहतंय, पांढरं पडल्यासारखं, छताकडे बघत. चमकी पुढे केली तरी त्याने हात उचलला नाही.

आक्कांनी पट्टा सैल केला आणि आपला हात आत सरकवला.

उजव्या बरगडीखाली काहीतरी लागलं. बोटभर लांब, ओल्या कापडाच्या पिळ्यासारखं. आक्कांची बोटं तिथं थांबली. अशी पोटं त्यांनी आयुष्यात मोजकीच पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी हात उचलून आईला म्हटलं होतं, 'ह्याला मी चोळणार न्हाई. दवाखान्यात ने.' पण आज बोटं थरथरत होती. ते आतलं खरंच तिथं होतं, की आपलाच हात पोटावर उडतोय, हे त्यांना कळेना. त्यांनी पुन्हा चाचपलं. आता वाटलं, काहीच नाही. परत चाचपलं. आहे.

त्यांनी लेकीला उठवलं.

"वैजू, पोट मला येगळं लागतंय गं."

वैजू तापात होती. ती कोपरावर उठली, पडद्याकडे पाहिलं. 'वारा. खात्री चौऱ्याण्णव टक्के.' बाळ त्या क्षणी शांत पडलं होतं.

"वेगळं म्हणजे? तुला नक्की वाटतंय का आई? नेऊ या का दवाखान्यात? मी गाडी बोलावते."

आक्कांनी लेकीच्या तापलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग स्वतःच्या हाताकडे. तो चादरीवर आपला आपण हलत होता. पट्ट्यातला हातही त्यांचाच होता. तो धडधाकट होता आणि त्याला काही वेगळं लागलेलं नव्हतं.

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "माझा हातच हल्ली खोटं सांगतो. वाराच असंल. झोप तू."

वैजू झोपली.

पहाटे पाचला निषादला हिरवी ओकारी झाली. सहाला लंगोटात रक्त आणि शेंबडासारखं काहीतरी दिसलं. वैजूची किंकाळी ऐकून समोरच्या घरातली माणसं धावली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. जुन्या दुर्बिणीच्या नळ्या जशा एकात एक सरकतात, तसं आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरला होता. त्यामुळे आतडं पिळून काढल्यासारख्या कळा येतात. येतात आणि थांबतात. आत शिरलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटत जातो. "लवकर आलं तर बहुतेक वेळा कापावंही लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "खालून हवेचा दाब दिला की आतडं आपोआप मागे सरकतं." मग त्यांनी कागद बाजूला ठेवला. "आता बराच भाग काळा पडलाय. पोटात विष पसरलंय."

"चोळण्याने झालं का?" आक्कांनी विचारलं.

"नाही. चोळण्याने होत नाही हे. फक्त वेळ गेला."

काळा पडलेला भाग कापून काढला. कपिल बोटीने आणि मग गाडीने दुपारी येऊन पोचला, अंगात अजून केशरी कामाचा डगला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला निषाद गेला.

दवाखान्याच्या बाकावर वैजू आईकडे न बघता एकच वाक्य बोलली. "तू म्हणालीस, झोप."

त्यानंतर ती आईशी बोलली नाही.

 कपिलने पाळणा उचलून गच्चीवरच्या खोलीत नेला. पट्टा कंपनीची माणसं तपासायला घेऊन गेली. आक्का स्वयंपाकघरात बसून राहत. भात करत, तो तसाच राही. त्यांच्या मनाला एकच आधार होता, आणि तो इतका विचित्र होता की तो कुणाला सांगण्यासारखाही नव्हता. त्या देवाला सारखं विनवत होत्या, त्या रात्री माझ्या हाताला काही लागलं नसू दे. तो भासच असू दे. म्हणजे मग मला कळलंच नव्हतं असं होईल.

चौथ्या दिवशी दुपारी मुग्धा साठ्ये आली. आता ती कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती, तरी एकटीच आली. कपिलने दार उघडलं. ती बैठकीत सोफ्यावर न बसता आक्कांसमोर खाली सतरंजीवर बसली.

"आक्का, मला कंपनीने पाठवलेलं नाही. वकील म्हणाले होते, जाऊ नका. पण हे मीच सांगायला पाहिजे."

"बोल."

"आम्ही त्या रात्रीची नोंद उघडली. कळ आपोआप थांबायची, आणि पट्ट्याला वाटायचं, आपण थांबवली. दर खेपेला त्याची खात्री वाढत गेली." तिने मान खाली घातली. "आणि उजव्या बरगडीखाली फुग्यांना अडथळा लागला होता. दीड वाजल्यापासून. तो नोंदलाय. पण त्याचा अर्थ काय, ते पट्ट्याला माहीत नव्हतं."

 आक्कांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे तिथं होतं?"

"होतं, आक्का."

"बोटभर लांब?"

मुग्धाने वर पाहिलं. "तुम्हाला लागलं होतं?"

कपिल दाराशी उभा होता.  आक्कांच्या चेहऱ्यावरून ते दोघांनाही कळलं.

"मग तुझ्या यंत्राला का न्हाई कळलं?" त्या म्हणाल्या. "माझा हात घेतलास ना तू? समदा घेतलास?"

मुग्धाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण ती थांबली नाही. "तुम्ही कसं दाबता ते घेतलं. दाबताना तुम्हाला काय लागतं, ते घेतलं नाही. आणि दोन हजार नोंदींत नऊ अशा होत्या, की तुमचा हात सुरुवातीलाच थांबला आणि तुम्ही तो उचलून घेतला. त्यात चोळणंच नव्हतं. आम्ही त्यांना अपूर्ण म्हटलं, आणि गाळून टाकलं."

"ती पोरं मी दवाखान्यात धाडली व्हती."

"हो."

"तू तिथंच बसलेली असायचीस. माझ्या शेजारी. ईचारलं का न्हाईस मला, आक्का, हात का काढला?"

"विचारायला पाहिजे होतं." मुग्धा म्हणाली. "त्या दिवसाचा आकडा भरायचा असायचा. मी पुढचं बाळ आणा म्हणायची."

 मुग्धाने डोळे पुसले आणि राहिलेलं सांगितलं. त्या नऊ नोंदी अजून आहेत. निषादच्या रात्रीची नोंद त्यांच्या जोडीला मिळाली, तर पट्ट्याला थांबायला शिकवता येईल; असं पोट लागलं की तो चोळणं बंद करून दवाखाना गाठायला सांगेल. तोवर सगळे पट्टे बंद ठेवायचे आदेश तिने दिले आहेत, नोकरी राहो न राहो. पण नोंद घराची परवानगी असल्याशिवाय वापरता येणार नाही.

"माझ्या हाताचं काय पायजे ते घे," आक्का म्हणाल्या. "बाळाचं त्याच्या आईला ईचार. ते मी सांगणार न्हाई."

मुग्धा गेली. कपिल तिला खालपर्यंत सोडायला गेला. आक्का सतरंजीवर तशाच बसून होत्या. आता देवाकडे मागायलाही काही उरलं नव्हतं. हात खरं बोलला होता, आणि त्यांनी त्याला गप्प बसवलं होतं.

"आई."

आतल्या खोलीतून आवाज आला. आक्कांना आधी भास वाटला.

"आई, इकडे ये."

वैजू पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. दार उघडंच होतं. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा तापाने तांबडा झाला होता, झग्याच्या पुढच्या बाजूला दोन ओले गोल डाग पडले होते. चार दिवस दूध साठत होतं. प्यायला कुणी नव्हतं. छाती दगडासारखी झाली होती आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"दुखतंय गं," ती म्हणाली.

आक्का जाऊन ऊन पाणी घेऊन आल्या. पंचा बुडवून, पिळून छातीवर ठेवला. बाळ गेलेल्या बाळंतिणीही त्यांनी चाळीस वर्षांत पाहिल्या होत्या. अशा वेळी सगळं दूध काढायचं नसतं, काढलं की शरीर आणखी भरतं. ठणका उतरेल एवढंच काढायचं, रोज थोडं कमी. त्यांनी बोटं टेकवली. बोटं थरथरली. त्यांनी हात मागे घेतला.

"कपिलला सांगून दवाखान्यातली नर्स बोलवू या का?"

"नको. तूच कर."

आक्कांनी पुन्हा हात लावला. कडेकडून आत, हळूहळू. दूध आधी थेंबाथेंबाने आलं, मग धारेने, वाटीत. दोघी त्या वाटीकडे बघत नव्हत्या.

"तुला लागलं होतं," वैजू म्हणाली.

"हां."

"मग का म्हणालीस झोप?"

"मला वाटलं, त्या पट्ट्यातला माझा हात खरा. तो तरणा होता. ह्याच्यावर कुणाचाच इस्वास राहिला न्हवता, माझाबी न्हवता."

 "मी पण पडद्याकडेच पाहिलं, आई. त्याच्याकडे नाही पाहिलं. नुसता एकदा दिवा लावून त्याचं तोंड बघायला हवं होतं मी."

"तुला ताप होता, बाळ."

"हो," ती म्हणाली. "होता." आणि मग दवाखान्यातही न रडलेली ती मुलगी आईच्या खांद्यावर तोंड दाबून रडायला लागली. आक्कांच्या हातातली वाटी हिंदकळली. दूध चादरीवर सांडलं. कपिल परत आला होता. तो दारातूनच मागे फिरला.

दुसऱ्या दिवशी वैजूने मुग्धाला फोन केला. "त्या रात्रीची नोंद घ्या," ती म्हणाली. "पण तिला नंबर देऊ नका. त्याचं नाव लावा."

दूध आटायला अकरा दिवस लागले. रोज संध्याकाळी आक्का ऊन पाणी घेऊन खोलीत जात. रोज थोडं कमी. त्या वेळी दोघी निषादबद्दल बोलत. त्याला डावी कूस कशी आवडायची, शिंक आली की तो स्वतःच कसा घाबरायचा. चार महिन्यांच्या आयुष्यातल्या गोष्टी त्या, लवकर संपल्या. मग त्या पहिल्यापासून सांगू लागल्या.

अकराव्या दिवशी आक्कांनी पंचा काढला. तो कोरडा होता. त्यांनी दोन्ही बाजूंना दाबून पाहिलं. काही आलं नाही.

"आटलं," त्या म्हणाल्या.

वैजूने खाली पाहिलं, मग आईकडे. "पुन्हा एकदा बघ ना," ती म्हणाली. "थोडं तरी असेल."